खिळे जुळवणारा संपादक

कार्ल मार्क्सचे हिंदुस्थानविषयक लेख डाव्या चळवळीच्या अभ्यासवर्गांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले आहेत. हिंदुस्थानातील ब्रिटिश सत्तेचे स्वरूप सांगणारा पहिला महत्त्वाचा लेख २५ जून १८५३ रोजी प्रसिद्ध झाला, आणि त्या सत्तेच्या भावी परिणामांची चर्चा करणारा दुसरा ८ ऑगस्ट रोजी. मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली ती त्याच वर्षीच्या १६ एप्रिलला. ह्या घटनेला चार महिने उलटण्यापूर्वीच आगगाडीतून हिंदुस्थानात कोणती शक्ती जन्माला येणार आहे ह्याचे भाकीत लंडनमधील एका निर्वासिताने करून ठेवले होते. ह्या लेखांतील प्रत्येक विधानावर आपल्याकडे खंडनमंडन झाले. मात्र ते ज्या पत्रात छापले गेले ते पत्र कोणाचे होते, आणि अमेरिकेतील एका भांडवलदारी शहरातील लोकप्रिय दैनिकाला जर्मनीतून परागंदा झालेल्या क्रांतिकारकाचे लेख मानधन देऊन का छापावेसे वाटले, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. पत्राचे नाव ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’, आणि त्याचा संस्थापक-संपादक होरेस ग्रीली.

ग्रीलीचा जन्म ३ फेब्रुवारी १८११ रोजी न्यू हॅम्पशायरमधील ॲमहर्स्ट येथे एका कर्जबाजारी शेतकऱ्याच्या घरी झाला. मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना सावकारांच्या तगाद्यामुळे बापाची शेती गेली आणि कुटुंबाला शेजारच्या व्हरमाँट राज्यात जाऊन मोलमजुरी करावी लागली. वयाच्या पंधराव्या वर्षी होरेस ईस्ट पोल्टनी गावच्या एका लहान साप्ताहिकाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून लागला. खिळे जुळवता जुळवता तो वाचू लागला, व वाचता वाचता लिहू लागला. पुष्कळदा लेख हाताने लिहून काढण्याआधीच तो डोक्यात जुळलेला असे. चार वर्षांनी ते पत्र बंद पडले. १८३१ च्या उन्हाळ्यात खांद्यावर गाठोडे आणि खिशात सुमारे दहा डॉलर घेऊन हा वीस वर्षांचा तरुण न्यूयॉर्कला आला आणि ज्या छापखान्यात काम मिळेल तेथे जुळारी म्हणून राबू लागला. पुढील आयुष्यात त्याने ज्या चुका केल्या त्या सर्वांचा हिशेब मांडतानाही एक गोष्ट विसरता येणार नाही : कामगारांविषयी लिहिणाऱ्या त्या काळच्या संपादकांत ज्याच्या बोटांना खरोखरीच शिशाचा काळा रंग लागलेला होता असा हा संपादक होता.

१८३७ च्या आर्थिक अरिष्टाने त्याला समाजवादाच्या दाराशी आणून सोडले. त्या हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या दरिद्री वस्तीत मदतकार्य करीत असताना काम मागणारी धडधाकट माणसे त्याने तळघरांतून उपाशी बसलेली पाहिली. ही माणसे आळशी नव्हती की व्यसनी नव्हती. त्यांना भीक नको होती, काम हवे होते, आणि ते देण्याची जबाबदारी समाजातील कोणाचीच नव्हती. दानधर्माने हा प्रश्न सुटत नाही, समाजाच्या रचनेतच काही मूलभूत दोष आहे, हा निष्कर्ष त्याने तेथेच काढला.

१० एप्रिल १८४१ रोजी कर्जाऊ काढलेल्या हजार डॉलरच्या आधारावर त्याने एक सेंट किमतीचे ‘ट्रिब्यून’ सुरू केले. त्या किमतीची दुसरी दैनिके शहरात होतीच, पण त्यांचा खप खून, व्यभिचार आणि कोर्टकचेरीतील चटकदार हकिकतींवर चाले. स्वस्त पत्र हे हलकेच असले पाहिजे हा समज ग्रीलीने मोडून काढला. पुस्तकांची परीक्षणे, शेतीची माहिती, विधिमंडळांचे वृत्तांत, परदेशच्या राजकारणाची चिकित्सा हे सर्व त्याने कारागीर आणि शेतकरी वाचकांपुढे ठेवले. १८४४ मध्ये त्याने मार्गारेट फुलर हिला ग्रंथपरीक्षक म्हणून नेमले. दोन वर्षांनी ती ट्रिब्यूनची बातमीदार म्हणून युरोपात गेली आणि रोमच्या क्रांतीचे वृत्तांत तिने तेथून पाठवले. ट्रिब्यूनची साप्ताहिक आवृत्ती तर टपालाने खेडोपाडी जाई. १८६० च्या सुमारास तिचा खप दोन लाखांच्या घरात गेला होता, आणि एकेका अंकाभोवती अनेक वाचक जमत. पश्चिमेकडील राज्यांतील शेतकऱ्याच्या घरी बायबलनंतर हेच वाचले जाते असे त्या वेळी म्हटले जाई. ह्यात थोडी अतिशयोक्ती असेलही.

ह्याच पत्राच्या पहिल्या पानावर मार्च १८४२ पासून अल्बर्ट ब्रिस्बेन ह्याचा स्तंभ येऊ लागला. फ्रेंच विचारवंत शार्ल फूरिये ह्याच्या सहजीवनी वसाहतींची कल्पना त्यात मांडलेली असे. जागेचे पैसे फूरियेपंथीयांनी मोजले होते हे खरे, परंतु संपादकाचे मनही त्या विचारात गुंतले होते. न्यू जर्सीतील रेड बँक येथे १८४३ मध्ये स्थापन झालेल्या वसाहतीत त्याने स्वतःचे पैसे घातले. १८४६-४७ मध्ये त्याने आपला पूर्वीचा साहाय्यक, आणि पुढे ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा संस्थापक झालेला, हेन्री रेमंड ह्याच्याशी समाजवादावर जाहीर वाद केला. दोन्ही बाजूंनी बारा-बारा लेख, आणि प्रत्येक पत्राने प्रतिपक्षाचे लेखही छापायचे अशी अट. समाजवादाने मालमत्ता, विवाहसंस्था आणि धर्म बुडतील असे रेमंडचे म्हणणे होते. दीडशे वर्षांनंतरही प्रतिपक्षाला नवीन काही सुचलेले नाही, हे मान्य करावयास हरकत नाही.

परंतु हा समाजवाद कोणत्या जातीचा होता हे नीट पाहिले पाहिजे. फूरियेच्या वसाहतीत उत्पन्नाचे बारा भाग करावयाचे, त्यांतील पाच श्रमाला, चार भांडवलाला आणि तीन बुद्धीला द्यावयाचे, अशी योजना होती. भांडवलाचा हक्क तेथे नाहीसा होत नव्हता; तो नियमबद्ध होत होता. मालक आणि मजूर ह्यांच्या हिताची सांगड घालता येईल, दोघांनी एकमेकांना नीट समजून घेतले की संघर्षाचे कारणच उरणार नाही, ही ग्रीलीची श्रद्धा होती. म्हणूनच फूरियेच्या वसाहतींचा पुरस्कार करणारा हा संपादक त्याच वेळी हेन्री क्लेच्या व्हिग पक्षाचा निष्ठावंत प्रचारक राहू शकला आणि अमेरिकन कारखानदारांना हव्या असलेल्या संरक्षक जकातींचा आयुष्यभर कैवार घेऊ शकला. त्याला ह्यात विसंगती दिसली नाही. ट्रिब्यूनचे पैसे घेणाऱ्या मार्क्सला मात्र ती स्वच्छ दिसत होती. परोपकारी समाजवादाच्या बुरख्याआडून हे पत्र अमेरिकेतील औद्योगिक भांडवलदारांची, म्हणजे जकातवाद्यांची बाजू मांडते, असे त्याने १८५३ च्या जूनमध्येच एंगल्सला खाजगी पत्रात कळवले होते.

मार्क्सला ट्रिब्यूनमध्ये आणले ते ग्रीलीचा व्यवस्थापकीय संपादक चार्ल्स डेना ह्याने. डेना हा ब्रूक फार्म ह्या प्रसिद्ध सहजीवनी वसाहतीतून आलेला, १८४८ च्या क्रांतीच्या वेळी कोलोनला मार्क्सला भेटलेला. १८५१ मध्ये त्याने मार्क्सला लिहिण्याचे निमंत्रण दिले. मार्क्सचे इंग्रजी तेव्हा कच्चे होते, म्हणून जर्मनीवरील पहिली लेखमाला त्याच्या नावाने एंगल्सने लिहिली. नंतरच्या दहा वर्षांत दोघांचे मिळून सुमारे पाचशे लेख आले. त्यांतील बरेच निनावी अग्रलेख म्हणून छापले गेले, ह्याबद्दल लेखकाची तक्रारच असे. मानधन एका लेखाला एक पौंड, पुढे दोन पौंड. १८५७ च्या मंदीत ते कमी झाले. १८६२ मध्ये यादवी युद्धाच्या बातम्यांपुढे युरोपला जागाच उरली नाही आणि हा संबंध तुटला. त्याच वर्षी डेनालाही ग्रीलीने बाहेरचा रस्ता दाखवला. १८५७ च्या उठावावरील मार्क्स-एंगल्सचे लेखही ह्याच पत्रातले. इंग्रजी वृत्तपत्रे शिपायांच्या क्रौर्याच्या वर्णनांनी भरून गेली असताना त्या क्रौर्यामागील ब्रिटिशांच्या स्वतःच्या वर्तनाचा पाढा अमेरिकन शेतकऱ्यांना वाचावयास मिळाला. न्यूयॉर्कच्या ह्या भांडवलदारी पत्राने मार्क्सला जरा बरे पैसे दिले असते तर इतिहास वेगळा घडला असता, असा विनोद अध्यक्ष केनेडी ह्यांनी एप्रिल १९६१ मध्ये वृत्तपत्रमालकांपुढे केला होता. मालक हसले असतील. विनोदातील अज्ञान बाजूला ठेवले तरी लेखकाला द्यावयाच्या दामाविषयी मालकवर्गाचे मत त्यातून चांगले कळते.

कामगार संघटनेच्या बाबतीतही हीच कहाणी. जानेवारी १८५० मध्ये न्यूयॉर्कच्या मुद्रण कामगारांची संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष म्हणून कामगारांनी ग्रीलीची निवड केली. एका दैनिकाचा चालक आपल्याच धंद्यातील कामगारांचा अध्यक्ष होतो, ही घटना आज चमत्कारिक वाटेल. त्याने ते पद शोभेसाठी घेतले नव्हते. दहा तासांच्या कामाच्या दिवसाचा त्याने पुरस्कार केला. १८४९ च्या आरंभी ट्रिब्यूनचे प्रत्येकी हजार डॉलरचे शंभर भाग पाडून त्यांतील काही आपल्या सहकाऱ्यांना मिळतील अशी व्यवस्था केली. परंतु संप हे हत्यार त्याला मान्य नव्हते. संपात दोन्ही पक्षांचे नुकसान होते, लवादाने तंटे मिटवावेत, आणि शहरात मजुरांची गर्दी झाली असेल तर त्यांनी पश्चिमेकडील मोकळ्या जमिनीवर जावे, असा त्याचा उपदेश असे. तरुणांना पश्चिमेकडे जाण्यास सांगणारे जे वाक्य त्याच्या नावावर चालते ते त्याच शब्दांत त्याने लिहिल्याचा आधार सापडत नाही. आशय मात्र निःसंशय त्याचाच. काँग्रेसमध्ये तो एका रिकाम्या जागेवर जेमतेम तीन महिने होता. तेवढ्यात त्याने सभासदांच्या फुगवलेल्या प्रवासभत्त्यांची यादी नावानिशी छापून (तीत लिंकनचेही नाव होते) सर्व सभागृहाचा रोष ओढवून घेतला, आणि कसणाऱ्याला सरकारी जमीन देण्याचे विधेयकही मांडले. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन कसणाऱ्या कुटुंबाला देण्याचे ठरले, त्यामागे ट्रिब्यूनचा वीस वर्षांचा प्रचार होता.

त्या मोकळ्या जमिनीवर आधीपासून माणसे राहत होती, हे ग्रीलीला ठाऊक नव्हते असे नाही. १८५९ मध्ये त्याने खंड ओलांडून कॅलिफोर्नियापर्यंत प्रवास केला, तेथील मूळ रहिवासी पाहिले, आणि ही माणसे शेती करीत नाहीत तेव्हा ती नष्टच व्हावयाची असा निर्वाळा दिला. न्यूयॉर्कच्या तळघरातील बेकाराबद्दल कळवळणाऱ्या माणसाने हे लिहिले. जमीन ही कसणाऱ्याची, हे तत्त्व कोणाकडून जमीन काढून घेऊन अमलात येत आहे हा प्रश्न त्याने आयुष्यात कधी गंभीरपणे विचारला नाही.

गुलामगिरीच्या प्रश्नावर तो हळूहळू वाढत गेला. १८४५ मध्ये एका गुलामगिरीविरोधी परिषदेला पाठवलेल्या पत्रात त्याने लिहिले होते की, न्यूयॉर्कमध्येच इतकी गुलामी दिसते आहे की चार्ल्स्टनच्या गुलामीपेक्षा तिच्याकडे आधी लक्ष द्यावे असे वाटते. ह्या युक्तिवादात तथ्य होते, आणि धोकाही. मजुरीवरचा कामगार अर्धपोटी असतो हे खरे. पण त्याची बायको आणि मुले बाजारात विकली जात नाहीत. उत्तरेतील मजुरांचे हाल दाखवून आपल्या गुलामगिरीचे समर्थन करण्याची युक्ती दक्षिणेतील मळेवाल्यांना चांगलीच साधली होती. १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने नव्या प्रदेशात गुलामगिरीला वाट मोकळी करून दिली तेव्हा ग्रीलीचा संभ्रम संपला. रिपब्लिकन पक्षाच्या उभारणीत ट्रिब्यूनचा वाटा फार मोठा आहे. आर्कान्सॉच्या एका काँग्रेस सभासदाने १८५६ मध्ये वॉशिंग्टनच्या रस्त्यावर त्याला काठीने मारले, आणि जुलै १८६३ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध उसळलेला जमाव ट्रिब्यूनच्या कचेरीवर चालून आला. हे शत्रू त्याने लेखणीने मिळवले होते.

२० ऑगस्ट १८६२ रोजी त्याने अध्यक्ष लिंकनला उद्देशून दोन कोटी जनतेच्या वतीने एक अनावृत पत्र छापले. बंडखोरांच्या गुलामांना मुक्त करण्याचा अधिकार कायद्याने मिळालेला असताना तो तुम्ही वापरीत का नाही, असा त्यात रोकडा सवाल होता. लिंकनने दोनच दिवसांनी उत्तर लिहिले. आपले मुख्य उद्दिष्ट संघराज्य वाचवणे हे आहे. एकाही गुलामाला मुक्त न करता ते साधले तर तसे करीन, सर्वांना मुक्त करून साधले तर तसे, असा त्याचा आशय. ह्या उत्तराचा पुष्कळ गौरव झाला आहे, आणि ग्रीली म्हणजे उतावळा पोरकट संपादक असे चित्र रंगवण्यात आले आहे. वस्तुतः मुक्तिघोषणेचा मसुदा लिंकनने महिनाभरापूर्वीच, २२ जुलैला, मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता, आणि २२ सप्टेंबरला ती घोषणा झाली. राज्यकर्त्याला मनात असलेली गोष्ट करता यावी म्हणून बाहेर कोणी तरी तिची मागणी मोठ्याने करावी लागते. ग्रीलीच्या पत्रकारितेतील हा सर्वोत्तम क्षण होय. दुर्दैवाने ह्याच माणसाने १८६१ मध्ये आधी दक्षिणेला सुखाने जाऊ द्यावे असे लिहिले, मग त्याच्या पत्राने रिचमंडवर चाल करा असा धोशा लावला, आणि बुल रनच्या पराभवानंतर तो खचून बिछान्याला खिळला. स्थिर बुद्धी हा त्याचा गुण नव्हता.

स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाबतीत त्याने जे केले ते क्षम्य म्हणता येणार नाही. १८६७ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या घटना परिषदेत तो मताधिकार समितीचा अध्यक्ष होता. कृष्णवर्णीय पुरुषांना समान मताधिकार द्यावा असे त्याच्या समितीने सांगितले आणि स्त्रियांची मागणी फेटाळून लावली. एलिझाबेथ कॅडी स्टँटन आणि सुझन अँथनी ह्यांनी एक अर्ज सभागृहात वाचला जाईल अशी व्यवस्था केली. त्यावर पहिली सही होती श्रीमती होरेस ग्रीली ह्यांची. स्टँटनबाईंचे नाव ह्यापुढे ट्रिब्यूनमध्ये केवळ नवऱ्याच्या नावाने छापायचे, असा हुकूम संपादकाने काढला.

त्याच वर्षी मे महिन्यात बंडखोरांचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस ह्याला खटल्याविना दोन वर्षे डांबून ठेवल्याबद्दल ग्रीली रिचमंडला जाऊन त्याला जामीन राहिला. साप्ताहिकाचे हजारो वर्गणीदार तुटले. न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठितांच्या क्लबाने त्याला जाब विचारला तेव्हा त्याने त्यांना मूर्ख ठरवून बैठकीला जाण्याचेच नाकारले. खटल्याविना कैद नको, हे तत्त्व शत्रूलाही लागू करण्याचे धैर्य त्याच्यात होते. आणि ज्यांनी आणीबाणीतील तुरुंग पाहिला आहे ते ह्या कृतीला सहजासहजी नावे ठेवणार नाहीत. पण व्यक्तीला न्याय देणे वेगळे आणि तिच्या वर्गाला पुन्हा सत्तेवर बसू देणे वेगळे. ग्रीलीने ह्या दोहोंतील सीमारेषा पुढे पुसून टाकली.

सत्तापदाची हाव हे त्याचे जुने दुखणे होते. न्यूयॉर्कमधील पक्षधुरीण स्यूअर्ड आणि वीड ह्यांच्याशी त्याने १८५४ मध्ये संबंध तोडले, ते आपल्याला कधीच कोणते पद देऊ केले नाही अशी लांबलचक तक्रार लिहूनच. १८७२ मध्ये ग्रँटच्या राजवटीतील भ्रष्टाचाराला कंटाळलेल्या ‘लिबरल रिपब्लिकन’ गटाने सिनसिनाटीच्या अधिवेशनात त्याला अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. हा गट खुल्या व्यापाराचा, आणि उमेदवार जकातींचा कट्टर पुरस्कर्ता, म्हणून जकातीचा प्रश्न कार्यक्रमातून जवळजवळ वगळण्यात आला! जुलैमध्ये डेमॉक्रॅटिक पक्षानेही त्यालाच उमेदवार केले. त्या पक्षाला ग्रीली तीस वर्षे शिव्या देत आला होता. दोन्ही बाजूंनी रक्तरंजित दरीवरून हात पुढे करावेत, दक्षिणेतील सर्वांना माफी द्यावी आणि स्थानिक कारभार स्थानिकांच्या हाती सोपवावा, असा प्रचार झाला. स्थानिक कारभाराचा अर्थ काय होता हे मुक्त गुलामांना विचारावयास हवे होते. आदल्याच वर्षी कू क्लक्स क्लॅनच्या दहशतीमुळे दक्षिण कॅरोलायनाच्या नऊ जिल्ह्यांत ग्रँटला विशेष अधिकार वापरून सैन्य घालावे लागले होते. चार्ल्स समनरसारखा जुना लढवय्या ग्रीलीच्या बाजूला गेला. स्वतः गुलामगिरीतून निसटून आलेला फ्रेडरिक डग्लस मात्र ग्रँटच्या प्रचाराला उभा राहिला. ग्रँट भ्रष्टांचा आश्रयदाता होता हे डग्लसला कळत नव्हते असे नाही. कोणाच्या पराभवाने कोण मोकाट सुटणार आहे, हे त्याला अधिक चांगले कळत होते.

पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले ह्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. पुण्यातून त्या लढ्याचे जे उदात्त रूप दिसले ते खोटे नव्हते. परंतु अर्पणपत्रिका छापली जात असताना त्या सज्जनांपैकी अनेक जण थकले होते. १८७७ मध्ये सैन्य मागे घेतले गेले आणि दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचा मताधिकार पुढील वर्षांत हिरावला गेला. तो परत मिळवण्यास जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

निवडणुकीत ग्रीलीला सहाच राज्ये मिळाली. मतदानापूर्वी सहा दिवस, ३० ऑक्टोबरला, त्याची पत्नी मरण पावली होती. पराभवानंतर तो ट्रिब्यूनमध्ये परतला तेव्हा कारभार व्हाइटलॉ रीडच्या हाती गेलेला होता. पदांसाठी कचेरीत खेटे घालणाऱ्यांची टिंगल करणारा एक मजकूर पत्रात छापून आला. त्याचा आपल्याशी संबंध नाही असे सांगणारा खुलासा ग्रीलीने लिहून दिला. तो छापला गेला नाही. ज्या पत्रात त्याने तीस वर्षे लिंकनपासून मार्क्सच्या शिष्यांपर्यंत सर्वांना जागा दिली त्यात स्वतः संपादकाच्या चार ओळींना जागा उरली नाही. कारणही साधे होते : वर्षानुवर्षे कर्जापायी आणि भोळेपणाने उसने देण्यापायी त्याने आपले भाग विकून टाकले होते, त्याच्याकडे फार थोडे उरले होते. २९ नोव्हेंबर १८७२ रोजी, निवडणूक मंडळाची मते मोजली जाण्यापूर्वीच, त्याचा अंत झाला. अंत्ययात्रेला स्वतः अध्यक्ष ग्रँट आला होता.

ट्रिब्यून मग रेल्वेच्या सट्टेबाजीत गाजलेल्या जे गूल्डच्या पैशाच्या आधाराने रीडच्या मालकीचे झाले आणि प्रतिष्ठितांचे पत्र बनले. खिळे आपोआप ओतून जुळवणारे लायनोटाइप यंत्र व्यापारी वापरासाठी पहिल्यांदा बसवले गेले तेही १८८६ मध्ये ट्रिब्यूनमध्येच. ग्रीली ज्या मुद्रण कामगार संघटनेचा पहिला अध्यक्ष होता तिच्याशी ह्या पत्राचे वर्षानुवर्षे भांडण चालले, आणि १८९२ मध्ये रीड उपाध्यक्षपदाला उभा राहिला तेव्हा कामगारांची मते जातील म्हणून ते घाईघाईने मिटवावे लागले. न्यूयॉर्कमध्ये ग्रीलीचे दोन पुतळे आहेत. एक ट्रिब्यूनच्या इमारतीसमोर १८९० मध्ये बसवला गेला. तो पुढे सिटी हॉलच्या बागेत हलवण्यात आला. दुसरा १८९४ चा, त्याच्याच नावाच्या चौकात. तो उभारण्यात न्यूयॉर्क व ब्रुकलीनच्या जुळाऱ्यांच्या संघटनांचा पैसा होता.